व्हायरसचा रिझल्ट पंधरा दिवसांत लागतो, कार्बनचा नाही

११ मार्च २०२० ला डब्ल्यूएचओने कोविडला महामारी म्हटलं आणि पुढच्या काही आठवड्यांत विमानं जमिनीवर, शाळा बंद, बॉर्डर सील, आणि एरवी तिजोरीत खडखडाट आहे म्हणणाऱ्या सरकारांनीही पैसा काढला. मग साहजिकच प्रश्न येतो की क्लायमेट चेंजसाठी हेच का होत नाही, हवामान बदलाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती, आयपीसीसी, तर १९८८ मध्येच स्थापन झाली होती ना?

तेल कंपन्यांचा दबाव, निवडणुका वगैरे उत्तरं आहेतच आणि ती खोटी नाहीत, पण मला वाटतं खरी गोम टायमिंगमध्ये आहे. कोविडची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस लागायचे, चौदाच्या पुढे क्वचितच. म्हणजे आज गर्दी थांबवली की दोन-तीन आठवड्यांत केसेसचा ग्राफ वाकतो, मंत्र्याला तो पत्रकार परिषदेत मिरवता येतो, आणि काहीच केलं नाही तर भरलेली हॉस्पिटलंही त्याच मंत्र्याच्या नावावर जमा होतात. तहान लागल्यावर विहीर खणली तरी थोडंफार पाणी मिळत होतं.

कार्बन डायऑक्साइड मात्र हवेत शेकडो वर्षं रेंगाळतो, त्यातला काही भाग तर हजारो. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन ऐन भरात असताना जगाचं रोजचं कार्बन उत्सर्जन आदल्या वर्षीच्या सरासरीपेक्षा सुमारे १७ टक्के खाली आलं होतं. उलटं वाचा: एवढं जग घरात बसलं तरी ८३ टक्के चालूच होतं, कारण वीज केंद्रं, सिमेंट, स्टील यांना वर्क फ्रॉम होम नसतं. वर्षाचा हिशोब केला तर घट जेमतेम ५ टक्क्यांची. आणि हवाईतल्या मौना लोआवर, जिथे १९५८ पासून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी चालू आहे, तिथला आकडा त्या वर्षीही वाढलाच, आपण भर घालणं थोडं कमी केलं होतं, थांबवलं कुठे होतं! २०२१ मध्ये उत्सर्जन जवळपास पूर्वपदावर. एवढं सोसून असा निकाल हातात घेऊन कोण मतं मागायला जाईल?

म्हणून लॉकडाऊनशी तुलनाच मला चुकीची वाटते, करायचीच तर लसीशी करा. जानेवारी २०२० मध्ये व्हायरसचा जीनोम, म्हणजे त्याची जनुकीय रचना, जाहीर झाला आणि ८ डिसेंबरला ब्रिटनमध्ये लसीकरण सुरू, यात एमआरएनए या लस बनवायच्या तंत्रावरचं कित्येक वर्षांचं संशोधन आधीच तयार होतं हे खरं, पण काही सरकारांनी लस चालेल की नाही हे कळायच्या आधीच कोट्यवधी डोस बुक केले होते, म्हणजे बुडण्याची रिस्क स्वतःवर घेतली. क्लायमेटच्या बाबतीत हा प्रकार आधी झालेलाय, फक्त त्याची बातमी होत नाही. जर्मनीने २००० साली कायदा करून सोलर विजेला २० वर्षांचा हमीभाव दिला, तेव्हा ती वीज प्रचंड महाग होती आणि लोकांनी नावंही ठेवली. पण गिऱ्हाईक पक्कं म्हटल्यावर कारखाने उभे राहिले, पुढे चीनने उत्पादन अफाट वाढवलं, आणि २०१० ते २०२० या दहा वर्षांत पॅनलचे भाव ९० टक्क्यांच्या आसपास पडले, तेही कुणाला घरात न कोंडता.