सामाजिक परिणामांचे मोजमाप

एखाद्या संस्थेच्या किंवा कंपनीच्या कामाने लोकांच्या जगण्यात काय फरक पडला, हे तपासून काम सुधारण्याची पद्धत. पावसाचे पाणी मुरवायला डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीतले खंदक) किती मीटर खणले, हे काम. उन्हाळ्यात टँकर किती दिवस कमी लागला, हा परिणाम. अहवाल बहुधा चरांच्या मीटरनेच भरलेले असतात, कारण ते मोजायला सोपे.

सातारा जिल्ह्यातील माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात जलसंधारणाचे मोजमाप विहिरीपासून सुरू होते. कामाआधीच दहा-बारा विहिरी निवडाव्यात: माथ्यावरच्या, मधल्या आणि ओढ्याकाठच्या. नुसत्या ओढ्याकाठच्या घेतल्या की आकडा फुगतो. कठड्यावर रंगाने खूण करून दर वेळी तिथूनच टेप सोडावा. मोटर आदल्या रात्रीपासून बंद हवी. उपसा चालू असताना घेतलेली पातळी फुकट. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत नोंदी घेते. तेच महिने धरले तर त्या नोंदींशी ताडून पाहता येते.

सगळ्यात जास्त फसवतो तो पाऊस. बरा झाला की चर नसलेल्या गावातही पाणी चढते. म्हणून तसाच खडक आणि तेवढाच पाऊस असलेले, पण काम न झालेले शेजारचे गाव तुलनेला घेतात. समजा, मे महिन्यातील पातळी आपल्या गावात २.१ मीटर वर आली आणि शेजारी १.४ मीटर, तर कामाच्या खात्यावर जमा फक्त ०.७ मीटर. दोहोंपैकी एकाच गावाच्या ओढ्याला उरमोडी धरणाचे पाणी सुटले असेल, तर ही तुलनाही मोडीत निघते.

घरोघरच्या पाहणीत ‘योजनेचा फायदा झाला का?’ असे विचारू नये. दारी आलेल्याला तोंडावर ‘नाही’ कोण म्हणणार? ‘काल पाण्याला किती खेपा झाल्या?’ असे विचारावे. भूमिहीन आणि मेंढपाळ कुटुंबांचे आकडे वेगळे मांडावेत. चराईबंदीमुळे मेंढरे लांब न्यावी लागली, तर तोही परिणामच, उणे बाजूचा.

कंपन्यांवर कायद्याचे बंधन आहे. लगतच्या तीन वर्षांत सीएसआरची (कंपनीने समाजकार्यावर करायच्या खर्चाची) जबाबदारी सरासरी १० कोटी रुपये किंवा अधिक असलेल्या कंपनीला, १ कोटी व त्यावरील प्रकल्पांचे मूल्यमापन त्रयस्थ संस्थेकडून करून घ्यावे लागते. प्रकल्प संपून किमान वर्ष झालेले हवे. २०२१ पासून हा नियम आहे.

सुधारणेची जागा मात्र ग्रामसभा. ऑक्टोबरची पातळी तिथे वाचून पाण्याचा ताळेबंद मांडतात: आधी माणसे आणि जनावरे, मग ज्वारी-हरभरा. उसाचे नाव निघाले की सभा लांबते.