पासवर्ड-नियम तपासणी

नवा पासवर्ड ठरवून दिलेल्या अटींत बसतो का, हे पाहणारा छोटा प्रोग्रॅम. किमान आठ कॅरॅक्टर, त्यांत निदान एक कॅपिटल, एक स्मॉल, एक अंक आणि एक विशेष चिन्ह, अशा या अटी. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला लूप (तीच कृती पुन्हापुन्हा करणे) आणि इफ-एल्स (अट खरी की खोटी यावरून वाट निवडणे) पक्के करायला हा सराव सोयीचा पडतो. प्रत्येक अटीसाठी एक फ्लॅग, म्हणजे हो-नाहीची खूण, ‘फॉल्स’ ठेवायचा, पासवर्ड अक्षराअक्षराने वाचत अट पुरी झाली की तो ‘ट्रू’ करायचा, शेवटी सगळे फ्लॅग पाहायचे. रेजेक्सने, म्हणजे मजकुराचा नमुना जुळवणाऱ्या सूत्राने, हेच एका ओळीत उरकते, पण मग कोणती अट हुकली ते वापरणाऱ्याला सांगता येत नाही.

पासवर्डची बळकटी मात्र यातून कळत नाही. रोमन लिपीत शहराचे नाव, पहिले अक्षर कॅपिटल, पुढे ॲटचे चिन्ह आणि एक-दोन-तीन, हा मुंबईकराला चटकन सुचणारा पासवर्ड पाचही अटींत पास होतो. चोरालाही तो तितक्याच चटकन सुचतो. तंत्रज्ञानाची मानके ठरवणाऱ्या अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेने २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत अशी मिश्रणाची सक्ती नको म्हटले. लांबी पाहावी आणि चोरीला जाऊन फुटलेल्या किंवा सर्रास वापरल्या जाणाऱ्या पासवर्डांच्या यादीशी ताडावे, हा त्यांचा सल्ला. मुंबईत चालणाऱ्या कोडच्या यादीत दादर, गिरगाव, गणपती यांची रोमन रूपेही घालावीत. बाहेरून आणलेल्या यादीत ती असतीलच असे नाही.

देवनागरी पासवर्ड आला की या कोडची खरी परीक्षा होते. कॅपिटल-स्मॉल हा भेदच नसल्याने निव्वळ मराठी वाक्य कितीही लांब असले तरी नापास. ‘मुंबई’ ही डोळ्यांना तीन अक्षरे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा उकार आणि अनुस्वार सुटे धरून लांबी ५ सांगते आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तिचे १५ बाइट होतात. पायथनचे अक्षर-अंक ओळखणारे तयार फंक्शन मात्रेला अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘अक्षरही नाही, अंकही नाही, म्हणजे विशेष चिन्ह’ असे लिहिणाऱ्याची ती अट एका वेलांटीवर पुरी होते! ‘५’ हा पायथनला अंक वाटतो, जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधल्या अंकाच्या खुणेला वाटत नाही. पायथनमधल्या सर्व्हरने घेतलेला पासवर्ड जावास्क्रिप्ट चालवणारा ब्राउझर नाकारतो तो असा.

‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ एका कोडपॉइंटने (युनिकोडमधल्या एका चिन्हाच्या क्रमांकाने) लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन कोडपॉइंटांनीही. हॅश करण्यापूर्वी, म्हणजे साठवण्यासाठी पासवर्डचे न उलटणारे सांकेतिक रूप बनवण्यापूर्वी, दोन्ही रूपे नॉर्मलाइझ केली, म्हणजे एकाच रूपात आणली, नाहीत, तर सर्व अटींत बसलेला पासवर्ड वेगळ्या कीबोर्डवरून टाकताच चुकीचा ठरू शकतो.