कॉम्प्रेसर बसला, पण कशामुळे?

गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर बसला की चर्चा लगेच नवा टाकायचा की रिकंडिशन, यावर येते. त्याच्या आधीचा प्रश्न म्हणजे तो बसला कशामुळे. वॅगन-आर, सँट्रो, इंडिका अशा बरीच वर्षं पळालेल्या गाड्यांत कॉम्प्रेसर बहुतेक वेळा दुसऱ्याच भागाच्या दुखण्याने जातो. ते दुखणं तसंच राहिलं, तर नवाही त्याच वाटेने जातो.

आधी खरंच कॉम्प्रेसर गेला आहे का, हे पाहा. एसी लावल्यावर पुलीच्या पुढची चकती ‘टक्’ करून आत ओढली जाते; तो मॅग्नेटिक क्लच. पुली बेल्टवर सतत फिरत असते, चकती तिला चिकटली की मगच आतले पिस्टन हलतात. चकती जागची हलत नसेल, तर कनेक्टरवर 12 व्होल्ट येतात का तपासा आणि क्लचच्या कॉइलचा (चकती ओढणाऱ्या चुंबकाच्या तारेचा) रेझिस्टन्स मोजा. तो साधारण 3 ते 5 ओहम असतो. चकती आणि पुलीमधली फट बऱ्याच क्लचमध्ये 0.3 ते 0.6 मि.मी. ठेवलेली असते. झिजून ती वाढली, की सकाळी एसी नीट चालतो आणि इंजिन तापल्यावर क्लच पकडत नाही, कारण कॉइल तापली की तिच्यातला करंट घटतो आणि चुंबकाची ओढ कमी पडते. अशा वेळी एक पातळ शिम (ही फट राखणारी वॉशर) काढून काम भागतं. एसी बंद असतानाही घरघर येत असेल, तर पुलीचं बेअरिंग गेलेलं असतं. एसी लावताच खडखडाट होत असेल किंवा बेल्ट किंचाळून घसरत असेल, तर मात्र कॉम्प्रेसर आतून गेला.

या कॉम्प्रेसरला इंजिनसारखा भरपूर तेलाचा साठा नसतो. छोट्या गाडीच्या अख्ख्या एसीत जेमतेम 80 ते 150 मि.ली. तेल असतं आणि त्यातलं बरंचसं गॅसबरोबर कंडेन्सर (रेडिएटरपुढची, गॅस निववून द्रव करणारी जाळी), कूलिंग कॉइल (आतली हवा गार करणारी), पाइप असं फिरून परत येतं. गॅस हाच तेलाचा हमाल. गॅस गळून कमी झाला की तेल कूलिंग कॉइलमध्येच पडून राहतं आणि पिस्टन कोरडे घासतात. हे टाळण्यासाठी पाइपवर प्रेशर स्विच असतो; गॅस फार कमी झाला की तो क्लच बंद करतो. तपासणीपुरती त्याला डायरेक्ट वायर मारणं समजू शकतो, पण ती वायर तशीच ठेवून गाडी परत देणं म्हणजे कॉम्प्रेसरला मुद्दाम मारणं आहे. जुन्या गाडीत असा जोड दिसला तर तो आधी काढायला लावा.

दुसरं कारण उष्णतेचं. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत वर्षानुवर्षांची माती, किडे आणि पाला साचतो. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, मागे मात्र गाळाची भिंत असते. त्यात पंखा मंदावलेला असला, की सिग्नलला उभ्या गाडीत हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरमधून दाबून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या बाजूचं, प्रेशर 300 पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) वर चढतं. रोज तेवढ्या दाबाविरुद्ध पिस्टन चालवून सील आणि बेअरिंग किती दिवस टिकणार?

जुना कॉम्प्रेसर उतरवण्याआधी उरलेला गॅस रिकव्हरी मशीनमध्ये काढून घ्यायला सांगा. एसीतला हा गॅस, आर-134ए, ओझोनला हात लावत नाही, पण 100 वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट उष्णता धरतो. 450 ग्रॅम गॅस हवेत सोडणं म्हणजे जवळपास 275 लिटर पेट्रोल जाळणं.

कॉम्प्रेसर उतरला की त्यातलं तेल मोजपात्रात ओता आणि दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका. ते पारदर्शक किंवा फिकट पिवळं असेल तर सुटलात. करडं असेल आणि कागद उन्हात तिरपा धरल्यावर चांदीच्या भुकटीसारखं चमकत असेल, तर पिस्टनचं ॲल्युमिनियम सगळीकडे पसरलं आहे. काळं, काजळीसारखं असेल तर आतलं तेल जळालं आहे. या दोन्ही प्रकारांत नुसता कॉम्प्रेसर बदलून पैसे वाया जातील. पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लशिंगच्या द्रावणाने धुवून कोरड्या नायट्रोजनने फुंकता येतात. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (बारीक छिद्रातून गॅस कूलिंग कॉइलमध्ये सोडणारा) बदलायचाच. कंडेन्सरच्या बाबतीत गॅरेजवाल्याशी हुज्जत घालायची वेळ आली तरी घाला: पॅरलल-फ्लो कंडेन्सरच्या (ज्यात गॅस एकाच वेळी अनेक नळ्यांतून वाहतो) चपट्या नळ्यांमधली छिद्रं एखाद्या मिलिमीटरची असतात. द्रावण मोकळ्या नळ्यांतून निघून जातं, चोक झालेल्या तशाच राहतात आणि तिथला धातूचा कीस पुढे सुटतो. तो कंडेन्सर नवाच हवा. ड्रायर तर सिस्टिम उघडली की दरवेळी नवा, कारण त्यातले ओलावा शोषणारे मणी उघड्या हवेत लवकर भरून जातात.

तेलाचा हिशेब चुकतो तो असा. नव्या कॉम्प्रेसरमध्ये बऱ्याचदा पूर्ण सिस्टिमचं तेल भरलेलं येतं. आतून नीट धुतलेल्या सिस्टिमला ते पूर्ण लागतं. धुतलेली नसेल, तर जुनं तेल कॉइलमध्ये शिल्लक आहेच. तेव्हा जुन्या कॉम्प्रेसरमधून निघालं तेवढंच नव्यात ठेवायचं आणि नव्या ड्रायरसाठी 10-15 मि.ली. वाढवायचं. गळतीत तेल वाहून गेलं असेल, तर मात्र हे माप फसवं असतं. तेल जास्त झालं तर ते नळ्यांच्या आत थर धरून थंडावा कमी करतं. पीएजी (एसीचं कृत्रिम तेल) 46, 100, 150 या घट्टपणांपैकी कोणतं, ते कॉम्प्रेसरच्या लेबलवर पाहा. पीएजी तेल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नका. नव्या ओ-रिंगांना ग्रीस न लावता तेलाचाच हात फिरवा.

यापुढची व्हॅक्युम मारण्याची, म्हणजे पंपाने सिस्टिम रिकामी करण्याची पायरी घाईत सर्वांत जास्त उरकली जाते. पावसाळ्यात मुंबई-कोकणात 30 अंशांच्या दमट हवेत दर घनमीटरला 25 ग्रॅमच्या वर पाणी असतं. ते आत राहिलं तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात गोठून थंडावा येतो-जातो, आणि गॅस-तेलाशी मिळून आम्ल तयार होतं ते वेगळंच. पंप हे पाणी ओढून काढत नाही, तो ते उकळवतो. दाब पाऱ्याच्या 32 मि.मी.पर्यंत उतरला की पाणी 30 अंशांवरच उकळतं आणि वाफ होऊन बाहेर पडतं. यासाठी समुद्रसपाटीला मीटरची सुई शून्याखाली, पाऱ्याच्या 28.7 इंच व्हॅक्युमच्याही खाली जायला हवी. पुणं 560 मीटर उंचीवर असल्याने तिथे हवेचाच दाब कमी असतो आणि पूर्ण व्हॅक्युमलाही सुई 28 च्या आसपासच थांबते. त्याला पंपाचा दोष समजू नये. पंप किमान 30-45 मिनिटं चालू द्या, मग व्हॉल्व्ह बंद करून 20 मिनिटं सुई पाहा. ती परत चढली, तर गळती किंवा ओल शिल्लक आहे.

गॅस वजनकाट्यावरच भरा. ग्रॅम बॉनेटखालच्या स्टिकरवर असतात. बाजारातला 450 ग्रॅमचा डबा म्हणजे तुमच्या गाडीचं माप नव्हे. पहिला द्रवरूप भाग इंजिन बंद ठेवून हाय साइडने द्या, मग मीटरवरची हाय साइडची चावी पक्की बंद करा. क्लचची चकती हाताने 10-15 वेळा फिरवा, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेलं तेल पुढे सरकेल. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे ते तसंच राहिलं तर कॉम्प्रेसरमधल्या व्हॉल्व्हच्या पट्ट्या तुटतात. उरलेला गॅस इंजिन चालू करून, डबा उभा ठेवून लो साइडने (गॅस कॉम्प्रेसरकडे परत येण्याच्या कमी दाबाच्या बाजूने) द्या. चालू इंजिनवर हाय साइडची चावी उघडली तर डबा फुटू शकतो. चश्मा आणि हातमोजे घालाच, कारण सुटलेला गॅस उणे 26 अंशांना उकळतो आणि कातडी गोठवतो.

बाहेर 35 अंश असताना, 1,500 आरपीएमवर लो साइड 35-45 आणि हाय साइड 220-270 पीएसआय दिसली पाहिजे. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी आहे. दोन्ही जास्त असतील तर गॅस जास्त झाला आहे, किंवा कंडेन्सरला हवा मिळत नाही. लो साइड शून्याखाली जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह चोक आहे. आकडे जमले की गाडी उन्हात दहा मिनिटं जागेवर चालू ठेवून, पंख्याकडे लक्ष देत, हाय साइडची सुई पुन्हा पाहा. ती हळूहळू वर सरकत राहिली, तर पंखा आणि कंडेन्सर-रेडिएटरमधला गाळ यांचा निकाल लागेपर्यंत गाडी ताब्यात घेऊ नका.