एकाच वारेवरची जुळी : गर्भातील उपचार

दोन बाळांत मिळून एकच वार असलेल्या गर्भधारणेत उद्भवणाऱ्या गुंतागुंतींवर, जन्माची वाट न पाहता, गर्भाशयातच केले जाणारे हे उपचार होत. फलित बीज ४ ते ८ दिवसांनी दुभंगले, की वेगळ्या पिशव्यांतली पण एका वारेवरची जुळी होतात. जोडकेळे खाण्याशी त्याचा काही संबंध नाही. अशा वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना मिळालेल्या असतात. बहुधा देवघेव समतोल राहते, परंतु १० ते १५ टक्के जोड्यांत रक्त एकाकडून दुसऱ्याकडे अधिक वाहू लागते. देणाऱ्याची लघवी घटून त्याच्याभोवतीचे गर्भजल आटते, तर घेणाऱ्याच्या पिशवीत ते बेसुमार वाढून त्याच्या हृदयावर ताण येतो. तीव्र विकारात उपचार न झाल्यास बहुतेकदा दोन्ही बाळे दगावतात.

मुख्य उपचार लेसरचा आहे. साधारण १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान आईच्या पोटातून बारीक दुर्बीण गर्भाशयात सोडून वारेवरच्या सामाईक वाहिन्या जाळून बंद करतात. अमेरिकेतील ज्युलियन डी लिया यांनी १९८८ मध्ये हा मार्ग प्रथम अवलंबला. पुढे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत, नुसते जादा पाणी सुईने काढण्यापेक्षा तो सरस ठरला. पाणी काढल्याने आईचा दम कमी होतो, मूळ जोड मात्र तसेच राहतात. एका गर्भाला हृदयच नसून दुसरा त्याचाही रक्तपुरवठा वाहत असेल, तर रेडिओलहरींच्या उष्णतेने पहिल्याकडे जाणारा प्रवाह थांबवतात.

या साऱ्याची किल्ली वार एक की दोन, हे वेळेवर कळण्यात आहे, आणि ते ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत खात्रीने कळते. ग्रामीण विदर्भात नेमके हेच निसटते. दर महिन्याच्या ९ तारखेची प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतील गर्भवतींसाठी आहे, म्हणजे ती येईपर्यंत ही खिडकी मिटत आलेली असते. त्यात धारणीहून अमरावती किंवा सिरोंचाहून गडचिरोली गाठणे हा दिवसभराचा प्रवास. लिंगनिदानविरोधी कायद्याच्या धास्तीने सोनोग्राफी टाळली जाते, तेही अनाठायी आहे: गर्भांची संख्या व वारेची स्थिती पाहणे हे त्या कायद्याच्या ‘एफ’ नमुन्यातच मान्य कारण म्हणून नोंदलेले आहे.

वार एकच निघाल्यास १६ व्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी करतात. मधल्या काळात पोट आठवड्याभरात ताणून आले किंवा बसल्या जागी दम लागू लागला, तर ‘जुळी आहेत, पोट मोठे असायचेच’ असे म्हणून घरी थांबू नये; आशाताईंनी पुढच्या तारखेची वाट न पाहता बाईला तपासणीला पाठवावे. लेसरची सोय मोजक्या मोठ्या शहरांतील गर्भवैद्यक केंद्रांतच असते. शस्त्रक्रियेनंतर पाणमोट लवकर फुटण्याचा धोका राहतो आणि बाळंतपण बहुधा दिवस भरण्याआधीच होते, त्यामुळे शेवटचे आठवडे नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या रुग्णालयाजवळ मुक्कामाची सोय आधीच पाहून ठेवावी लागते.