तात्पुरत्या छपराचे ड्रम हलवण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडून घरावर किंवा देवळावर पाइपांचं तात्पुरतं छप्पर घेणाऱ्यांसाठी आणि ज्यांची माणसं आमच्याकडे ट्रेनिंगला येतात त्या कॉन्ट्रॅक्टरांसाठी हे लिहितोय. छप्पर कशाला लागतं ते तुम्हाला माहितीच आहे, कौलं उतरवली, वाळवीने खाल्लेलं आढं-वासे बदलायचे, सुतार मिळेपर्यंत मे उजाडतो आणि मृगाच्या आत काम आटपेल याची खात्री कोणीच देत नाही. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती बऱ्याचदा मातीत बांधलेल्या, त्या वरून उघड्या पडल्या की चार जोरदार सरींत माती वाहायला लागते. म्हणून घराला न टेकता बाहेरून सांगाडा उभा करायचा, वर पत्रा टाकायचा आणि खाली काम चालू ठेवायचं. इथपर्यंत सगळ्यांना पटतं.

पटत नाहीत ते ड्रम. प्रत्येक साइटवर हाच प्रश्न येतो, एवढं लोखंड उभं केलंय मग पायथ्याला पाण्याने भरलेले निळे ड्रम कशाला, जागा अडते, चिऱ्याचा टेम्पो आत येत नाही. आणि मग आम्ही निघून गेल्यावर कोणीतरी ड्रम हलवतं, किंवा एप्रिल-मेमध्ये विहीर आटलेली असते आणि गवंडी माल कालवायला ड्रममधलंच पाणी घेतो. आमचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो, परत गाडी काढा, परत ड्रम चढवा, परत पाइप जोडणारे सगळे क्लॅम्प तपासा, आणि तेवढे दिवस तुमचं काम बंद.

पाऊस वरून पडतो म्हणून सगळ्यांना वाटतं की छपराला भीती वजनाची आहे. उतार नीट दिला की पावसाचं पाणी वाहून जातं, तिथे काही अडत नाही. खरी भीती वाऱ्याची, आणि वारा छप्पर दाबत नाही तर उचलतो, छत्री उलटी होते तसं. हिशोब करून बघा. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला साधारण साडेचार किलो भरतो, म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपराचे सगळे पत्रे मिळून सव्वाचारशे किलोच्या आसपास. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ४७ किलो होतो. त्यातला निम्माच वर उचलायला लागला असं धरलं तरी दोन टनांच्या वर ओढ लागते. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो हेही लक्षात घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा शंभरच्या पुढे होता, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. दोन्ही वेळा महिना कुठला होता बघा, नेमका तुमची कौलं उतरवलेली असतात तो.

आता ड्रम कसे बसवतो ते समजून घ्या, कारण चूक इथेच होते. २०० लिटरचा ड्रम भरला की २०० किलो. पण तो आम्ही जमिनीवर ठेवत नाही, सांगाड्याच्या सगळ्यात खालच्या लेजरवर, म्हणजे आडव्या पाइपांवर, फळ्या टाकून त्यावर बसवतो आणि बांधतो, म्हणजे ते वजन सांगाड्याच्या अंगावर येतं आणि खांब खाली धरून ठेवतं. तुमच्या माणसाने टेम्पोसाठी ड्रम बाजूला घेतला आणि नंतर आठवणीने परत खांबाशेजारी जमिनीवर ठेवला, अगदी काठोकाठ भरलेला, तरी त्याचा उपयोग शून्य. छप्पर उचललं जाईल आणि ड्रम आपल्या जागी बसून राहील. लांबून बघणाऱ्याला मात्र सगळं जागच्या जागी आहे असंच वाटतं, म्हणून ही चूक जास्त वाईट.

काहीजण म्हणतात, मांडवासारखे खांब जमिनीत गाडा आणि विषय संपवा. सड्यावर खाली कातळ लागतो, तिथे गाडणार कसं, आणि जिथे माती आहे तिथे घराच्या जोत्याला लागून खड्डे खणले तर जोतं ढिलं होतं, वर पावसात तीच माती मऊ पडून खांब हलायला लागतो. भिंतीला बांधायचं म्हणाल तर मातीतली भिंत स्वतःच आधार मागतेय, तिच्यावर वाऱ्याची ओढ कशी टाकायची? ड्रम दिसायला बोजड आहेत, मान्य आहे, पण तुमच्या घराला एकही भोक न पाडता छप्पर धरून ठेवायचा आम्हाला खात्रीचा वाटणारा उपाय हाच आहे. कोटेशनमध्ये ड्रमांची लाइन बघून काही लोक दुसरीकडे स्वस्तात मिळतं म्हणतात, तर तिथे एकच विचारा, की तुमचं छप्पर खाली कशाने धरलंय.

डासांमुळे ड्रम रिकामे करणारेही आहेत. आरोग्य खात्याची माणसं साठलेलं पाणी काढा सांगतात ते बरोबरच आहे, पण आमचे ड्रम बुचाचे, बंद तोंडाचे असतात, बूच घट्ट असेल तर आत डास जात नाही. फक्त बूच उघडून पाइप टाकून पाणी ओढू नका. कामाला पाणी लागणार असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, वेगळी टाकी आणून देतो.

झड आत येते म्हणून एका बाजूला ताडपत्री लावतात तेही आम्हाला विचारल्याशिवाय करू नका, आत शिरलेला वारा कोंडतो आणि छपराला खालून ढकलतो. झडीसाठी कडेचा पत्रा वाढवून मिळतो, त्याचा हिशोब धरून ड्रम वाढवावे लागतात एवढंच.

ट्रेनिंगबद्दल. तुमचे सुतार, गवंडी, गडी कोणीही पाठवा, शिक्षणाची अट नाही. बेसप्लेट खाली फळी टाकून लेव्हल कशी घ्यायची, खांब ओळंब्यात आहे का, क्रॉस ब्रेसिंग म्हणजे तिरके पाइप कुठे, क्लॅम्प पान्याने कितपत आवळायचा, सेफ्टी बेल्टचा हुक कशाला अडकवायचा, हे सगळं हाताने करून घेतो. सगळ्यात जास्त वेळ क्रमावर देतो, आधी ब्रेसिंग, मग ड्रम, पत्रा शेवटी, आणि पत्रा सकाळीच चढवायचा कारण दुपारनंतर खारा वारा सुटला की लांब पत्रा हातात राहत नाही. उतरवताना बरोबर उलटं, पत्रे आधी, मग ड्रम आणि ब्रेसिंग सगळ्यात शेवटी, सामान परत द्यायच्या घाईत लोक पाणी आधी सोडून देतात तेव्हाच खरा धोका असतो. ट्रेनिंग झालेली दोन माणसं साइटवर असतील तर ड्रम तात्पुरता काढणं-लावणं ती स्वतः करू शकतात, आमच्या फेरीचे पैसे वाचतात, आणि ज्यांनी छप्पर आमच्याकडून घेतलंय त्यांच्या दोन माणसांच्या ट्रेनिंगचे पैसे आम्ही घेत नाही.

टेम्पो आत घ्यायचाच असेल तर आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर त्या खांबाचा फोटो टाका, कुठला ड्रम काढायचा आणि त्याच्या बदल्यात वजन कुठे द्यायचं ते सांगतो, त्याचे पैसे नाहीत. नवीन बुकिंग शिमग्याच्या आधी केलंत तर बरं, मे महिन्यात चाकरमानी गावी आले की सगळ्यांना एकदमच छप्पर हवं असतं आणि पाइप तेवढेच असतात. काम गणपतीच्या पुढे लांबणार असं वाटत असेल तर तेही आधीच सांगा, म्हणजे ओटीवरचे खांब मखराला आणि माणसांच्या वर्दळीला आड येणार नाहीत असे बसवून देतो.