स्लो कुकरमधील बेक्ड बीन्स

सुक्या पांढऱ्या घेवड्याचे दाणे गोडसर, किंचित आंबट रश्शात कित्येक तास मुरवून केलेला पदार्थ. मूळ अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातले. बॉस्टनकडे मातीच्या भांड्यात खारवलेले डुकराचे मांस आणि साखरेची मळी घालून हे दाणे भट्टीत ठेवत. टोमॅटोच्या रसातले डबाबंद बीन्स ही पुढची गोष्ट.

स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारे विजेचे भांडे, याचा जन्मही कडधान्यासाठीच झाला. आयर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकी संशोधकाला १९४० साली त्याचे पेटंट मिळाले. लिथुआनियातले ज्यू लोक शुक्रवारी संध्याकाळी घेवड्याचे भांडे बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवत आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी काढत, हे त्याने आईकडून ऐकले होते. त्याच्या यंत्राचे नाव ‘नॅक्सन बीनरी’ असे होते. १९७१ पासून ते ‘क्रॉक-पॉट’ नावाने घरोघरी गेले.

विदर्भातल्या चुलीला हे तत्त्व नवे नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, भडकन पेटते आणि लवकर राख होते, तुरीच्या काड्यांचे, तुराटीचेही तसेच. पण गोवरीचा विस्तव राखेखाली तासन्‌तास धग धरून राहतो. रोडगे भाजतात ते याच विस्तवात. स्लो कुकर म्हणजे हीच धग विजेवर. कापूस वेचणीच्या दिवसांत, सकाळी लवकर शेतात जायचे असते तेव्हा, रात्री लावून सकाळी तयार मिळणारे भांडे फार उपयोगी पडते.

मात्र चुलीवरच्या हंडीत आधी उकळी येते, स्लो कुकरमध्ये ती येईलच असे नाही, आणि राजम्याच्या बाबतीत हा फरक चांगलाच महागात पडू शकतो. घेवडा-राजमा वर्गाच्या कच्च्या दाण्यांत फायटोहीमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असते. लाल राजम्यात ते सर्वाधिक, पांढऱ्यात कमी. अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेही काही तासांत उलट्या-जुलाब घडवतात. ८० अंश सेल्सियसच्या आसपास नुसते तापत राहिले, तर विषाचा जोर उलट वाढू शकतो. म्हणून दाणे किमान ५ तास भिजवावेत, ते पाणी ओतून द्यावे, आणि ताज्या पाण्यात गॅसवर किंवा चुलीवर ३० मिनिटे खळखळ उकळावेत. त्यानंतरच स्लो कुकर. ही पायरी गाळून केलेली कृती कुठेही वाचली, तरी तिच्यावर भरवसा ठेवू नये.

अर्धा किलो दाण्यांना दोन कांदे, साधारण ६० ग्रॅम गूळ, चमचाभर मोहरीची पूड, तिखट, आणि दाण्यांवर दोन बोटे येईल इतके पाणी पुरते. मळीच्या जागी गूळ चांगला चालतो. मंद आचेवर ८ तास लागतात. टोमॅटो किंवा चिंच मात्र दाणा बोटाने चेपल्यावर पिठूळ लागू लागला की मगच घालावी. आंबट आधी पडले तर साल घट्ट होते आणि रात्रभर शिजवूनही दाणा दाताखाली करकरतो. गूळही अर्धा आधी, अर्धा शेवटी घालणे बरे. त्यातल्या कॅल्शियममुळे दाणा आकार धरतो, पण मऊ व्हायला वेळ लावतो.

पाणीही महत्त्वाचे. बोअरच्या जड पाण्यात डाळसुद्धा शिजता शिजत नाही, हे इथल्या घरांना सांगावे लागत नाही. बीन्ससाठी नळाचे किंवा साठवलेले पावसाचे गोडे पाणी घ्यावे. वर्षभर उन्हाळ्याच्या तापात पडून राहिलेला राजमा तर कशानेच नीट मऊ होत नाही, अर्धे दाणे गणंग निघतात.

गावच्या किराणा दुकानात बारीक पांढरा घेवडा सहसा मिळत नाही. त्याऐवजी बरबटी, म्हणजे चवळी, उत्तम. ती लवकर शिजते, म्हणून ४-५ तासांनंतर पाहावी. चव थोडी वेगळी येते, पण ज्वारीच्या भाकरीबरोबर ती मूळ पदार्थापेक्षा जास्त जमते असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे.

रात्री वीज गेली तर झाकण उघडू नये, धग आत राहते. खंड दोन तासांहून लांबला, तर मात्र ते भांडे खाण्यात आणू नये. वैशाखातल्या विदर्भात तर नाहीच.