पावसचे स्वामी आणि 'वळले' हा शब्द

पावसला हल्ली माणूस येतो तो बहुधा गणपतीपुळ्याच्या फेरीतच. सकाळी पुळ्याचं दर्शन, मग रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून वीसेक किलोमीटर दक्षिणेला, आणि दुपारी खिचडीच्या प्रसादाच्या वेळी स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात. रांगेत मागचा कुणीतरी हमखास सांगतो, "स्वामी आधी गांधींच्या चळवळीत होते, नंतर अध्यात्माकडे वळले." वाक्य इतकं रुळलंय की कुणी त्यावर थांबत नाही. मला मात्र त्यातला 'वळले' नेहमी खटकतो, कारण सनावळी लावून पाहिली तर तो बसत नाही.

स्वामींचं मूळ नाव रामचंद्र विष्णू गोडबोले, जन्म पावसचाच, 15 डिसेंबर 1903 चा. शिक्षण आधी गावात, मग रत्नागिरीत, पुढे मुंबईत. असहकाराची हाक आली तेव्हा त्यांनी मुंबईतली शाळा सोडली आणि गावी येऊन मुलांसाठी 'स्वावलंबनाश्रम' काढला. नावात आश्रम असला तरी ती राष्ट्रीय शिक्षणाची शाळा होती. तेव्हाचं कोकण म्हणजे कर्ता पुरुष मुंबईत गिरणीत नाहीतर पेढीवर, आणि घर पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून. मनीऑर्डरीवर चालणाऱ्या गावात 'स्वावलंबन' हा शब्द नुसता गांधीवादी नव्हता, जरा टोचणाराही असणार.

आता खरी गंमत इथे आहे. पुण्यातल्या सद्गुरूंकडून त्यांना अनुग्रह, म्हणजे गुरुदीक्षा, मिळाला तो 1923 साली, मामांच्या ओळखीतून. तेव्हा वय विशीच्या आसपास. परंपरा नाथपंथाची, निवृत्तिनाथ-ज्ञानदेवांकडून चालत आलेली. आणि सविनय कायदेभंगात येरवड्याचा तुरुंग त्यांनी भोगला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी. म्हणजे क्रम असा लागतो: शाळा, अनुग्रह, तुरुंग. ज्याला आपण 'आधी' आणि 'नंतर' म्हणतो ते जवळजवळ दशकभर एकाच माणसाच्या अंगात सुखानं नांदत होतं. सत्याग्रहाला निघालेला माणूस पहाटे उठून सोऽहंचा, म्हणजे श्वासावरच्या ध्यानाचा, अभ्यास करत असेल, तर तो नेमका कुठून कुठे वळला?

हा घोळ होण्याचं कारण 1934 चं दुखणं. ते इतकं बळावलं की आता काही खरं नाही असं वाटण्यापर्यंत मजल गेली. त्यातून उठल्यावर, 1935 पासून, ते गावातल्याच एका कुटुंबाच्या 'अनंत निवास' या घरात राहायला आले आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं तिथेच राहिले. मोर्चा नाही, सभा नाही. मठ काढला नाही की फिरती केली नाही. नावामागे 'स्वामी' लागलं तरी मुक्काम एका नांदत्या घराच्या खोलीत.

यावरच खरा वाद आहे. पुरोगामी मंडळींचं म्हणणं असं की ऐन वेळी चांगला कार्यकर्ता हातचा गेला. त्यांच्या बाजूनं बोलायला रत्नागिरी भरपूर पुरावे देते. 1931 मध्ये तिथे सगळ्या जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उघडलं. 1932 मध्ये तिथल्या तुरुंगात कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी भंगीकाम मागितलं, ते नाकारलं गेलं आणि त्यावरून थेट येरवड्यात गांधीजींनी उपास धरला. एवढं सगळं पेटलेलं असताना आणि पुढे बेचाळीस येऊ घातलेलं असताना खोलीत बसायचं? भक्तांचं उत्तर ठरलेलं असतं: तो ईश्वरी संकेत होता. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यांना दुखण्यानं खंगलेलं शरीर दिसत नाही आणि दुसऱ्यांना आधीची बारा वर्षं दिसत नाहीत. हल्ली 'थोर समाजसुधारक' असंही सर्रास लिहिलं जातं, तेही जरा सैलच. सुधारकपण होतं, पण ते मुख्यतः गावच्या शाळेतलं आणि सत्याग्रहीचं. त्याला पटवर्धनांच्या मापात बसवण्यात कुणाचाच मान नाही.

खोलीतल्या त्या चाळीस वर्षांत झालं ते काम मात्र ठोस आहे. दुखण्याच्या काळातल्या 'अमृतधारे'च्या साक्या, 'संजीवनी गाथे'चे अभंग, आणि सगळ्यांत मोठी 'अभंग ज्ञानेश्वरी'. नऊ हजारांवर ओव्या आजच्या मराठीत, तेही छंदात उतरवायच्या म्हणजे चेष्टा नाही. जुनी ओवी अडते तिथे हे पुस्तक शेजारी ठेवून वाचणारी घरं मी पाहिली आहेत. डाव्या हाताला ज्ञानेश्वरी, उजव्या हाताला ही, मध्ये चष्म्याचं घर. साधनाही तशीच बिनखर्चाची. श्वास आत जाताना 'सो', बाहेर येताना 'हं'. परंपरेच्या हिशेबानं दिवसाचे 21,600 श्वास होतात, त्यांच्याकडे लक्ष द्यायचं. माळ नको, पुरोहित नको, मुहूर्त नको. स्वावलंबनाश्रमाच्या मास्तरांना हे का भावलं असेल, ते मला वेगळं सांगावं लागत नाही.

स्वामी गेले 15 ऑगस्ट 1974 रोजी. त्यानंतरचं पावस सगळ्यांना ठाऊक आहे: समाधी मंदिर, तिथला आवळ्याच्या झाडातला गणपती, भक्तनिवास, गाड्यांची गर्दी. 'अनंत निवास'कडे त्या मानानं कमी पावलं वळतात. बरेच जण प्रसाद घेऊन थेट पूर्णगडच्या रस्त्याला लागतात.

उत्सव तारखेनं होत नाहीत, तिथीनं होतात. जन्म मार्गशीर्ष वद्य द्वादशीचा, समाधी श्रावण वद्य द्वादशीची. त्यामुळे पुण्यतिथीचा उत्सव दर वर्षी पुढेमागे सरकतो, आणि 15 ऑगस्टला पावसच्या शाळेत झेंडा लागतो तेव्हा मंदिरात बहुतेक वर्षी रोजचाच दिवस असतो.